ओढ्याकाठचा वर्ग : अमेरिकेतील ख्रिस्ती शिबिरे आणि शाळकरी मुलांचे निसर्गशिक्षण

प्रस्तावना

अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत पाचवी-सहावीच्या मुलांचे वर्षातले काही दिवस शाळेच्या इमारतीबाहेर, जंगलातल्या एखाद्या शिबिरात जातात. सोमवारी सकाळी बस येते. दहा-बारा मुलांमागे एक लाकडी खोली असते, तिला केबिन म्हणतात, आणि त्या खोलीची जबाबदारी बहुधा हायस्कुलातला एखादा मुलगा किंवा मुलगी घेते. दिवसभर मुले ओढ्यात, झाडांखाली, दोरखंडांवर आणि रात्री अंधारात शिकतात. बुधवारी किंवा शुक्रवारी ती मळलेले कपडे घेऊन घरी परततात. शिकवणाऱ्यांना ‘नॅचरलिस्ट’ म्हणतात. ते शाळेचे शिक्षक नसतात, शिबिराचे कर्मचारी असतात. आणि ते शिबिर पुष्कळदा एखाद्या चर्चचे किंवा ख्रिस्ती संस्थेचे असते.

ही शेवटची गोष्ट मराठी वाचकाला थोडी बुचकळ्यात टाकणारी आहे. ज्या देशात सरकारी शाळेत प्रार्थना घेण्यास न्यायालयाने मनाई केली, त्याच देशातली सरकारी शाळा आपली मुले क्रूस लावलेल्या प्रार्थनागृहाशेजारी चार दिवस मुक्कामाला पाठवते, पालक निर्धास्त असतात आणि बहुतेक वेळा कोणाची तक्रारही येत नाही. हे कसे जमले, ते जमवताना दोन्ही बाजूंनी काय सोडले आणि काय राखले, आणि त्या चार दिवसांत मुले नेमके काय शिकतात, हा या पुस्तकाचा विषय आहे.

आधी शब्दांचा घोळ दूर केलेला बरा. आपल्याकडे शाळेची ‘सहल’ असते. सहलीत स्थळ पाहायचे असते, डबा खायचा असतो आणि संध्याकाळी परतायचे असते. ‘शिबिर’ म्हटले की संस्कार, श्रमदान किंवा व्यक्तिमत्त्वविकास डोळ्यांपुढे येतो. येथे ज्याचा विचार केला आहे तो या दोहोंपेक्षा वेगळा प्रकार आहे. हा वर्ग आहे. त्याला अभ्यासक्रम असतो, वेळापत्रक असते, राज्याच्या विज्ञान-अभ्यासक्रमाशी जुळवलेली उद्दिष्टे असतात. फरक एवढाच की पाठ्यपुस्तकाच्या जागी ओढा असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीतला ‘समर कॅम्प’ही निराळाच. तेथे मूल एकटे, पालकांच्या इच्छेने, मौजेसाठी जाते. निसर्गशाळेत सगळा वर्ग शाळेच्या दिवसांत आपल्या बाईंसह किंवा सरांसह जातो.

ख्रिस्ती शिबिर आणि निसर्गशाळा या दोन गोष्टी एकाच जमिनीवर का नांदतात, याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. ख्रिस्ती शिबिराचा मुख्य हंगाम जून ते ऑगस्ट, जेमतेम दहा आठवडे. बाकीच्या महिन्यांत शनिवार-रविवारी चर्चच्या मंडळींची एकांतशिबिरे होतात, पण सोमवार ते शुक्रवार जेवणघर, स्वयंपाकी, शंभर-दोनशे खाटा आणि मैलभर पायवाटा रिकाम्या पडून राहतात. शाळांकडे मुले आहेत, जागा नाही. अशा गरजेतून हा व्यवहार उभा राहिला. केवळ व्यवहार म्हणून तो पाहिला तर मात्र अर्धीच गोष्ट कळते, कारण या दोन्ही परंपरांची मुळे पुष्कळ जुनी आहेत आणि जमिनीखाली ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

अमेरिकन ख्रिस्ती जीवनात उघड्यावरच्या मेळाव्याला विशेष स्थान आहे. १८०१ साली केंटकीतल्या केन रिज येथे हजारो माणसे तंबू आणि घोडागाड्या घेऊन जमली आणि कित्येक दिवस प्रवचने ऐकत राहिली. तेथून ‘कॅम्प मीटिंग’ची प्रथा फोफावली. १८७४ साली न्यूयॉर्क राज्यात शटॉक्वा सरोवराकाठी जॉन व्हिन्सेंट आणि लुइस मिलर यांनी संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले. झाडांखाली बसून धर्माबरोबर विज्ञान आणि साहित्यही शिकायचे, ही कल्पना तेथे रुजली. मुलांच्या शिबिराचा आरंभ मात्र एका शाळेने केला. १८६१ साली, यादवी युद्ध नुकतेच पेटले असताना, कनेक्टिकटमधल्या वॉशिंग्टन गावचे शिक्षक फ्रेडरिक गन आपल्या मुलांना घेऊन सुमारे ४० मैलांवरच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत चालत गेले. मुलांना सैनिकांसारखे तंबूत राहायचे होते. पोहणे, मासे धरणे, होड्या वल्हवणे असा दोन आठवडे मुक्काम झाला. १८८० साली पाद्री जॉर्ज हिंकली यांनी ऱ्होड आयलंडमध्ये आपल्या मंडळीतल्या मुलांना असेच नेले, आणि १८८५ मध्ये समनर डडली यांनी वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या सात मुलांना न्यूयॉर्कमधल्या ऑरेंज लेकच्या काठी. त्यातूनच पुढे आलेले कॅम्प डडली आजही चालू आहे. शरीर, बुद्धी आणि आत्मा असा वायएमसीएचा त्रिकोण ल्यूथर गुलिक यांनी १८९१ च्या सुमारास रूढ केला. धर्माचा भाग वगळूनही ‘संपूर्ण मुलाचे शिक्षण’ ही जी भाषा आज शिबिरांत ऐकू येते, तिच्यात या त्रिकोणाच्या दोन बाजू स्पष्ट दिसतात.

शाळेची परंपरा दुसऱ्या बाजूने आली. कॉर्नेल विद्यापीठातल्या ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांनी १९११ मध्ये निसर्गाभ्यासाची मार्गदर्शिका लिहून शिक्षकांना गोगलगाय, कीटक, तण यांच्याकडे पाहायला शिकवले. जॉन ड्यूई यांनी शिकागोतल्या प्रायोगिक शाळेत आणि पुढे १९३८ च्या पुस्तकात अनुभव हा शिक्षणाचा पाया मानला. पण हे विचार मुक्कामी वर्गाच्या रूपात उतरवले ते लॉइड शार्प यांनी. ‘लाइफ’ नियतकालिकाच्या निधीवर शहरातल्या गरीब मुलांची शिबिरे चालवता चालवता त्यांनी एक साधे सूत्र धरले : जे वर्गात उत्तम शिकता येते ते वर्गातच शिकवावे, आणि जे बाहेर, प्रत्यक्ष वस्तूसमोर उत्तम शिकता येते ते बाहेर. ‘आउटडोअर एज्युकेशन’ हा शब्द रुळला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यांच्या सूत्रातली नेमस्तता महत्त्वाची आहे. शाळा मोडा असे शार्प म्हणत नव्हते. कोणता पाठ कुठे शिकवायचा याचा निवाडा करा, एवढेच त्यांचे मागणे होते. १९४० मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या शाळांनी केलॉग प्रतिष्ठानच्या साह्याने क्लिअर लेक येथे शाळेच्या दिवसांतले शिबिर सुरू केले. १९४६ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या सहावीच्या मुलांसाठी कुयामाका शिबिर उघडले. १९५५ पासून ज्युलियन स्मिथ यांनी देशभर शिक्षकांचे प्रशिक्षण चालवले. १९६५ च्या शिक्षण कायद्यातून नव्या प्रयोगांना केंद्राचा पैसा मिळाला आणि निवासी निसर्गशाळांची संख्या झपाट्याने वाढली. खाटांची टंचाई पडली तेव्हा सर्वांत जवळ, सर्वांत तयार अशी जागा होती चर्चची शिबिरभूमी.

पुढे आणखी दोन प्रवाह मिळाले. पहिला साहसाचा. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या प्रेरणेने १९४१ मध्ये वेल्समध्ये आउटवर्ड बाउंड हे साहसशिक्षण सुरू झाले आणि १९६२ मध्ये ते कोलोरॅडोत आले. पॉल पेटझोल्ट यांनी १९६५ मध्ये वायोमिंगमध्ये नोल्स ही संस्था काढली. डोंगरातले हे कठीण अभ्यासक्रम शाळेच्या आवारात आणले ते १९७१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्रोजेक्ट ॲडव्हेंचरने. आज अनेक शिबिरांत दिसणारी दोरांची वाट, चढाईची भिंत आणि सगळ्या गटाने मिळून सोडवायची कोडी ही त्याचीच देणगी. सह्याद्रीतले गिर्यारोहक ज्याला ‘बिले’ म्हणतात तो दोर येथे बारा वर्षांची मुले शिक्षकाच्या देखरेखीखाली एकमेकांसाठी धरतात. वर चढणाऱ्याचा जीव खालच्याच्या लक्ष देण्यावर आहे, हे कळायला भाषण लागत नाही.

दुसरा प्रवाह पर्यावरणाचा. रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ चे, पर्यावरणशिक्षणाचा पहिला केंद्रीय कायदा १९७० चा. स्टीव्ह व्हॅन मॅटर यांनी इंद्रियांनी निसर्गात मुरण्यावर आणि परिस्थितिकीच्या मोजक्या मूळ कल्पनांवर भर दिला. सुटे खेळ आणि माहितीच्या पाट्या यांवर त्यांच्या टीकेचा रोख होता. त्यांची टीका काहींना कठोर वाटली, तरी ती आजही लागू पडते. जोसेफ कॉर्नेल यांनी १९७९ मध्ये निसर्गखेळांचे जे छोटे पुस्तक लिहिले ते मात्र सौम्य मार्गाने त्याच ठिकाणी पोहोचते. आजच्या निसर्गशिक्षकाच्या झोळीत या सगळ्यांचे थोडे थोडे असते.

वर्ग प्रत्यक्षात कसा चालतो हे ओढ्याच्या पाठावरून चांगले कळते. मुले रबरी बूट घालून पाण्यात उतरतात, दगड हळूच उलटतात आणि त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव पांढऱ्या ताटलीत घेतात. मेफ्लायच्या अळीला बहुधा तीन शेपट्या, स्टोनफ्लायच्या अळीला दोन. कॅडिसफ्लायच्या अनेक अळ्या वाळूचे कण किंवा काटक्या जोडून स्वतःभोवती नळी बांधतात. या तिघींना स्वच्छ, थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. गांडुळाच्या जातीचे काही कृमी आणि जळवा गढूळ पाण्यातही तगतात. कोणते जीव किती सापडले हे मोजून मुले पाण्याला गुण देतात. रसायनांच्या बाटलीशिवाय ओढ्याची प्रकृती तपासण्याची ही रीत आहे, आणि ती शास्त्रज्ञही वापरतात. मुलाने काढलेला निष्कर्ष खरा असतो, पुस्तकामागे छापलेले उत्तर नसते. शेवटी सगळे जीव परत पाण्यात सोडायचे आणि दगड होता तसा ठेवायचा. ही शिस्त पाठाचाच भाग आहे.

रात्रीच्या फेरीत विजेऱ्या बंद ठेवतात. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तोपर्यंत मुले कुजबुजतात, मग गप्प होतात. विंटरग्रीन स्वादाची गोळी अंधारात दाताखाली फोडली की क्षणभर निळसर ठिणगी दिसते : साखरेचा स्फटिक फुटताना निघालेला प्रकाश त्या स्वादतेलामुळे डोळ्यांना दिसेल असा होतो. गव्हाणी घुबडाच्या जातकुळीतल्या पक्ष्याने ओकून टाकलेली पेलेट चिमट्याने उलगडली की उंदराच्या कवटीसकट सगळी हाडे हाती येतात, आणि मुले ती काळ्या कागदावर मांडून सांगाडा जुळवतात. होकायंत्राच्या वर्गात आधी स्वतःची पावले मोजायची असतात. आणि जेवणानंतर ताटांतले उरलेले अन्न एका बादलीत गोळा करून सर्वांसमोर तोलतात. आठवडाभरात तो आकडा खाली यावा म्हणून केबिनी आपसांत चुरस करतात. सगळ्या पाठांत पालकांना घरी ऐकू येतो तो बहुधा हाच.

उत्तम वर्ग जागेतून उगवतो, उसना आणता येत नाही. कॅलिफोर्नियात सांता क्रूझच्या डोंगरातले मौंट हर्मन हे त्याचे बोलके उदाहरण. बायबलमधल्या हर्मोन पर्वताचे नाव घेऊन ही ख्रिस्ती शिबिरभूमी १९०६ मध्ये स्थापन झाली. त्या डोंगरांतले रेडवूड एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही इमारतींसाठी तोडले गेले. तोडलेल्या खोडाभोवती फुटलेले नवे धुमारे आज वर्तुळात उभे असतात, आणि मुले त्या वर्तुळात बसून झाडांची मुळे उथळ असूनही ती का कोलमडत नाहीत, उन्हाळ्यात पाऊस नसताना धुके त्यांना पाणी कसे पुरवते, हे शिकतात. बीन आणि झायांटे हे ओढे येथेच एकमेकांना मिळतात. पिवळीधमक, बिनशंखाची बनाना स्लग पायवाटेवर भेटते.

त्याहून विलक्षण गोष्ट जवळच्या वाळूच्या टेकड्यांत आहे. ही वाळू सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाची आहे. तिच्यावर उगवणाऱ्या काही वनस्पती जगात दुसरीकडे सापडत नाहीत. या वाळूत एक भुंगा राहतो. त्याची अळी जमिनीखाली मुळे खाऊन वाढते. उन्हाळ्यात संध्याकाळी नर उडतात, मादीला उडता येत नाही. वाळूच्या खाणींनी आणि घरांनी त्याची जागा आक्रसली, म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्याला संकटग्रस्त जाहीर केले. त्याचे नाव मौंट हर्मन जून बीटल. बायबलमधल्या पर्वताचे नाव असे एका कीटकापर्यंत आणि तेथून कायद्याच्या यादीपर्यंत गेले. ही साखळी कोणत्याही छापील अभ्यासक्रमात बसवता आली नसती.

श्रद्धेचा प्रश्न येथे टाळता येत नाही. १९६७ मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी ‘सायन्स’ या साप्ताहिकातल्या लेखात पर्यावरणाच्या संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात शोधली. माणसाला सृष्टीवर दिलेली सत्ता हाच त्यांचा आक्षेपाचा मुद्दा होता. अनेक ख्रिस्ती विचारवंतांनी त्याला उत्तर म्हणून बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातलाच दुसरा धागा पुढे आणला : बाग कसण्यासाठी आणि जपण्यासाठी माणूस तेथे ठेवला आहे, तो मालक नव्हे, कारभारी आहे. मिशिगनमधल्या ऑ सेबल संस्थेने, जी स्वतः एका युवक शिबिरातून वाढली, परिस्थितिकी आणि श्रद्धा यांचे शिक्षण एकत्र दिले. १९९४ चा सृष्टीच्या जपणुकीविषयीचा इव्हँजेलिकल जाहीरनामा आणि २०१५ चे पोप फ्रान्सिस यांचे ‘लौदातो सी’ हे पत्र याच वाटेवरचे टप्पे. सर्व ख्रिस्ती शिबिरे या मताची आहेत असे नाही. काहींना निसर्ग ही केवळ प्रवचनाची सुंदर पार्श्वभूमी वाटते. पण ज्यांनी कारभारीपणाची कल्पना मनावर घेतली, त्यांचे ओढ्याचे वर्ग अधिक काटेकोर दिसतात, आणि तो योगायोग नाही.

सरकारी शाळेची मुले आली की हाच विचार शब्दांत मांडायचा नसतो. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळेतली प्रार्थना आणि १९६३ मध्ये बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले. १९८७ मध्ये उत्क्रांतीसोबत सृष्टिनिर्मितीवादही शिकवण्याची सक्ती करणारा लुइझियानाचा कायदा रद्द झाला. जागेचा प्रश्न थेट पुढे आला तो विस्कॉन्सिनमध्ये. एल्मब्रुक येथील शाळांनी पदवीदान समारंभ भाड्याच्या चर्चमध्ये केला होता. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने तो घटनाविरोधी ठरवला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२२ च्या एका निकालाने धर्म आणि शाळा यांबाबतची जुनी कसोटी बाजूला ठेवली, त्यामुळे सीमारेषा पुन्हा हलते आहे.

या अनिश्चिततेत शिबिरांनी स्वतःची शिस्त घडवली आहे. सरकारी शाळा असेल तर जेवणाआधी प्रार्थना नाही, शेकोटीभोवती भजने नाहीत, खोलीत धार्मिक पत्रके नाहीत. विज्ञान राज्याच्या अभ्यासक्रमाप्रमाणे. ख्रिस्ती खासगी शाळा आली तर तोच ओढा, तेच जीव, पण पाठाच्या शेवटी निर्माणकर्त्याचा उल्लेख. तरुण निसर्गशिक्षकाला, जो बहुधा श्रद्धेने येथे आलेला असतो, हा फरक रोज पाळावा लागतो. तो सोपा नाही. अशा ठिकाणी श्रद्धा दिसते ती आतिथ्यात : रात्री घरची आठवण येऊन रडणाऱ्या मुलाजवळ बसणारा कर्मचारी, वेगळा आहार लागणाऱ्याचे ताट लक्षात ठेवणारा स्वयंपाकी. या पुस्तकाचे प्रमुख प्रतिपादन असे की ख्रिस्ती शिबिराची या क्षेत्राला खरी देणगी हे आतिथ्य आहे, आणि श्रद्धेबाबतचा संयम हा त्याच आतिथ्याचा भाग आहे.

आज या विषयाकडे पाहण्याची कारणे अनेक आहेत. लेखक रिचर्ड लूव यांनी २००५ मध्ये घराबाहेर न पडणाऱ्या पिढीकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या २५५ सहावीच्या मुलांच्या अभ्यासात निसर्गशाळेत जाऊन आलेल्या मुलांची विज्ञानाची समज २७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. मुले थोडी आणि काळ थोडा, म्हणून या आकड्यावर फार मोठी इमारत रचू नये, पण तो दुर्लक्षिण्याजोगाही नाही. २०१६ मध्ये ओरेगनच्या मतदारांनी लॉटरीच्या उत्पन्नातून प्रत्येक मुलाच्या निसर्गशाळेसाठी निधी राखून ठेवला. इतरत्र बहुतेक ठिकाणी पैसे अजूनही पालक आणि शाळा गोळा करतात, आणि ज्या शाळांना ते जमत नाही त्यांची मुले मागे राहतात. २०२० च्या साथीत मुक्कामी वर्ग बंद पडले आणि शिबिरांच्या उत्पन्नाचा मोठा आधार गेला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही हा विषय पाचवी-सहावीच्या वर्षी शाळेतून आलेल्या फॉर्मच्या रूपाने येतोच : झोपण्याची पिशवी, पावसाचे जाकीट, औषधांची यादी, आणि खाली शिबिराच्या ख्रिस्ती संस्थेचे नाव.

हे पुस्तक त्या पालकांसाठी आहे, तसेच महाराष्ट्रात निसर्गशिबिरे चालवणाऱ्या शिक्षकांसाठी. त्यात वर्गांचे वर्णन आहे, त्यामागचा इतिहास आहे आणि कायद्याच्या प्रश्नाची चर्चा आहे. उन्हाळी धार्मिक शिबिरांचा विचार संदर्भापुरताच केला आहे. अमेरिकन नमुना जसाच्या तसा इकडे आणावा असा आग्रह नाही. तेथे ज्या ओढ्यात वर्षभर थंड पाणी वाहते, तसा ओढा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जानेवारीपर्यंत आटतो, आणि त्याचे जीव वेगळे असतात. उपयोगी पडावी ती शार्प यांची कसोटी : हा पाठ बाहेर का, आणि याच जागी का?

परिभाषेबद्दल थोडे. ‘नॅचरलिस्ट’साठी निसर्गशिक्षक, ‘आउटडोअर स्कूल’साठी निसर्गशाळा हे शब्द वापरले आहेत. केबिन, हार्नेस, बिले, पेलेट हे रुळलेले शब्द तसेच ठेवले आहेत. अमेरिकन कीटकांची आणि वनस्पतींची नावे भाषांतरित केलेली नाहीत, कारण आपल्याकडच्या तशाच दिसणाऱ्या जातींची नावे त्यांना दिल्यास वाचकाची दिशाभूल होते. अंतरे मूळ नोंदींप्रमाणे मैलांत दिली आहेत, आणि इयत्ता अमेरिकन पद्धतीच्या आहेत : त्यांची सहावी म्हणजे साधारण अकरा-बारा वर्षांची मुले.